बुधवारचा तास: सरकारी नोकरीत राहून मेंटॉर व्हायचं असेल तर

बुधवारी पावणेतीनला मी संगणक बंद करते, हालचाल नोंदवहीत ‘शाळा, ३ ते ४’ असं लिहिते आणि निघते. मी लेखा शाखेत आहे; तातडीची नसलेली फाइल आमच्याकडे अजून जन्माला यायची आहे. तरी शाळेतल्या एका मुलाची मेंटॉर, म्हणजे पाठीशी राहणारी मोठी मैत्रीण-मार्गदर्शक, म्हणून त्याच्यासोबत बसायचा हा तास गेली सहा वर्षं टिकलाय. आधी एक मुलगा होता, सध्या एक मुलगी आहे. “ऑफिसच्या वेळेत हे कसं जमवता?” असं सहकारी विचारतात त्यात थोडं कुतूहल असतं, थोडा संशय. संशय रास्त आहे, कारण तो तास जनतेच्या पैशाचा आहे. म्हणून मुलाचा विचार नंतर, आधी कागद.

आपल्या सरकारचा नियम शोधा. काही ठिकाणी सोय स्वच्छ लिहिलेली असते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात कर्मचाऱ्याला समाजसेवेसाठी वर्षाला २४ तास भरपगारी रजा मिळते. त्याऐवजी शाळेतल्या मुलाला शिकवायचं किंवा त्याचा मेंटॉर व्हायचं ठरवलं तर आठवड्याला एक तास, वर्षाला ३६ तासांपर्यंत. फ्लोरिडा राज्यात मेंटॉरसाठी महिन्याला पाच तासांपर्यंत सवलत आहे. पहिल्या नियमातली मेख मला आवडते: बारा तास वाढवून दिलेत, पण ते आठवड्याला एकेक करूनच खर्चायचे. नियम लिहिणाऱ्याला मुलं कळत असावीत.

असा नियम नसेल तर उरतात त्या वाटा म्हणजे जेवणाची सुट्टी, अर्ध्या दिवसाची रजा, किंवा तासाची भरपाई. मी भरपाई घेतली. बुधवारी एक तास उशिरापर्यंत थांबते. काय करायचं नाही ते आधी सांगते: तोंडी परवानगीवर जाऊ नका. आमचे साहेब “जा हो, त्यात काय!” म्हणाले होते. चार महिन्यांनी त्यांची बदली झाली, आणि नव्या साहेबांनी नोंदवही उघडून विचारलं, “दर बुधवारी आपण कुठे असता?” माझ्याकडे दाखवायला एक चिठोरंही नव्हतं. तीन बुधवार बुडाले. चौथ्या बुधवारी गेले तर मुलगा म्हणाला, “मला वाटलं आता येणार नाही तुम्ही.”

अर्जात मोठाल्या गोष्टी लिहू नका. माझा अर्ज साधारण असा होता: ‘दर बुधवारी दुपारी ३ ते ४ या वेळेत शाळेतील एका विद्यार्थ्यास विनामोबदला मार्गदर्शन करण्यास परवानगी मिळावी. सदर तासाची भरपाई त्याच दिवशी सायंकाळी करीन. माझ्या अनुपस्थितीत टपाल अमुक सहकारी स्वीकारतील. मार्चमधील दोन बुधवारी जाणार नाही.’ मार्चचं वाक्य मीच घातलं. वर्षअखेरीला लेखा शाखेतून माणूस गायब होणं कुठल्याच साहेबाला परवडत नाही, आणि आपणच ते मान्य केलं की पुढची सही लवकर होते. येण्याजाण्याची वेळ त्या तासात धरायची की वेगळी, आणि वाटेत अपघात झाला तर तो कामावर असताना झाला असं मानणार का, हेही लेखी विचारून घ्या.

“कारकुनाचं हे काम आहे का?” असं मला एकदा ऐकवलं गेलं. १९०४ साली न्यूयॉर्कमधल्या मुलांच्या न्यायालयात अर्नेस्ट कूल्टर नावाचा क्लार्क होता. रोज समोर येणारी मुलं बघून त्याने शहरातल्या पुरुषांना एकेका मुलाचा मित्र व्हायला सांगितलं, चाळीस जण पुढे आले आणि त्यातून ‘बिग ब्रदर्स’ची चळवळ उभी राहिली. तेव्हा, हो, कारकुनाचंच काम आहे.

शाळेत किंवा संस्थेत गेलात की तुमची चारित्र्य पडताळणी होईल. इतकी वर्षं सरकारी नोकरी केली तरी माझ्यावर विश्वास नाही का, असं वाटून घेऊ नका. जिथे पडताळणी न करता मूल हवाली करतात तिथे मी गेले नसते. बसायचं ते चारचौघांना दिसेल अशा जागी; आम्ही वाचनालयातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचो. मुलाला घरी नेणं, गाडीतून सोडणं, रात्रीचे मेसेज, फोटो, हे सगळं वर्ज्य. आणि “कुणाला सांगणार नाही ना?” असं मुलाने विचारलं तर सरसकट ‘नाही’ म्हणू नका. मी म्हणते, “तुला कुणी इजा करत असेल तर मला सांगावं लागेल, बाकीचं आपल्यात.” तशी गोष्ट कानावर आली तर त्याच दिवशी शाळेतल्या जबाबदार व्यक्तीला कळवायची. स्वतः चौकशी अधिकारी व्हायचं नाही; आपल्या लोकांना ती खोड असते.

आता खुद्द तासाबद्दल. पहिल्या दिवशी मी आखीव वेळापत्रक, गुणपत्रिकेची प्रत आणि तीन उद्दिष्टं घेऊन गेले. मुलगा चौदा वर्षांचा. माझ्या प्रत्येक वाक्याला “हो मॅडम.” तीन बुधवार नुसतं “हो मॅडम.” चौथ्या वेळी त्याने विचारलं, “तुमच्या बोटाला जांभळं काय लागलंय?” शिक्क्याची शाई होती. शिक्का कसा मारतात, तो उलटा का कोरलेला असतो, कुणी चोरला तर काय होतं, यात दोन बुधवार गेले. मग त्याने खोडरबरावर स्वतःचं नाव कोरलं, पहिल्यांदा सुलटंच कोरलं, आणि छाप उलटा आल्यावर इतका हसला की ग्रंथपालांनी दटावलं. गणिताचं नाव त्यानेच काढलं, दोन महिन्यांनी.

नंतर वाचनात आलं की माझी ती चूक ओळखीची आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मेंटॉर आणि मूल अशा ८२ जोड्यांचा बारकाईने अभ्यास झाला होता. सुरुवातीपासून मुलाला ‘सुधारायला’ निघालेल्या मेंटॉरांच्या बहुतेक जोड्या मोडल्या. मुलाच्या कलाने जाणाऱ्यांच्या बहुतेक टिकल्या. आपण दिवसभर त्रुटी काढत बसतो, तीच नजर घेऊन शाळेत जातो.

आपल्यासारख्यांच्या बाबतीत एक भानगड जास्तीची असते ती म्हणजे खुर्ची. पाचव्या महिन्यात मुलाने खाली बघत विचारलं, “पप्पांचा एक दाखला अडकलाय, तुमच्याकडून होईल का?” घरून शिकवून पाठवलेलं वाक्य होतं. मी त्या खात्यात फोन केला, फक्त “कुठवर आलंय?” एवढंच विचारलं. मी दुसरं काही म्हटलं नव्हतं, पण आमच्याकडे तेवढं पुरतं. फाइल वर आली, दाखला निघाला. पुढच्या बुधवारी त्याचे वडील फाटकाशी हात जोडून उभे. त्यानंतर कितीतरी आठवडे मुलगा माझ्याशी अर्जदारासारखा बोलत होता. ते पूर्ववत व्हायला जवळजवळ सगळं सत्र गेलं. आता मी पहिल्याच भेटीत पालकांसमोर सांगते: कोणता अर्ज, कोणती खिडकी, सोबत काय जोडायचं, हे सगळं विचारा, कुणालाही सांगते तसं सांगेन. फोन करणार नाही.

बदलीचं काय? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांच्या अभ्यासात असं आढळलं की सगळ्यात जास्त फायदा वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना झाला. आणि तीन महिन्यांच्या आत साथ सुटलेल्या मुलांची स्वतःबद्दलची किंमत उलट घसरली. म्हणजे अर्धवट करणं हे न करण्यापेक्षा वाईट. बदलीचा नंबर येत्या वर्षात असेल तर थांबा, नव्या जागी जाऊन सुरू करा. सुरू केल्यावर अचानक आदेश आलाच, तर कळल्या दिवशी मुलाला सांगा, शेवटची तारीख त्याच्यासमोर लिहा, आणि शक्य असेल तर एखाद्या सहकाऱ्याला दोन भेटींसाठी सोबत न्या.

पहिला मुलगा शाळा संपवून बाहेर पडला. सध्याच्या मुलीला शिक्क्यांत काडीचा रस नाही. तिला बिलातली चूक पकडायला आवडते. कार्यालयातली खरी बिलं दाखवायची नाहीत, नाव खोडूनसुद्धा नाही, म्हणून मी मंगळवारी रात्री घरी बसून तिच्यासाठी खोटी बिलं रचते, प्रत्येकात एकच चूक. गेल्या बुधवारी तिने दोन काढल्या. दुसरी मी घातलेली नव्हती.