दशक-सुटे शिकवताना काड्या कशा वापराव्यात

तिसरीच्या वर्गात फळ्यावर 52 वजा 27 लिहा. काही मुलं हमखास 35 म्हणतील. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान वजा केलं की झालं, असा त्यांचा हिशेब असतो. 'शेजारच्याकडून एक उसना घ्यायचा' हे त्यांना पाठ असतं, पण त्या एकाचे दहा कसे झाले ते त्यांनी कधी डोळ्यांनी बघितलेलं नसतं. ते दाखवायला काड्यांसारखं साहित्य नाही.

आधी जमवाजमव. दोन मुलांत मिळून शंभर काड्या लागतात, म्हणजे तीस मुलांच्या वर्गाला दीड हजार. खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या कापल्या तरी चालतात, फक्त टोकं टोचणारी नकोत. सोबत रबरबँड. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी परिसरातल्याच वस्तूंचं साहित्य केलं होतं, तेव्हा गणिताच्या साहित्याची विकतची पेटी नाही म्हणून अडून बसू नका. आणि शाळेत पेटी आलेली असेल तर ती कपाटातून बाहेर काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: गठ्ठे बांधून देऊ नका. पहिल्या वर्षी मी रात्री जागून सगळे गठ्ठे बांधून नेले होते. वर्गात विचारलं, "यात किती?" एक मुलगी म्हणाली, "एक." तिचं चूक नव्हतं, तिच्या हातात एकच वस्तू होती. दहा काड्या स्वतः मोजून, रबर लावून ज्या मुलानं गठ्ठा बांधला आहे, त्यालाच एक दशक आणि दहा सुटे ही एकच गोष्ट आहे हे कळतं. यात दोन-तीन तासिका गेल्या तरी जाऊ द्या.

मग संख्या बोला आणि मुलांना मांडायला सांगा. इथे मराठीची एक खरी अडचण आहे. 'सत्तावन्न' म्हणताना सात आधी ऐकू येतात, म्हणून मुलं 75 लिहितात. 2019 मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 21 चं 'वीस एक' असं वाचन आलं आणि मोठा वाद झाला, तो या अडचणीतूनच. मला जुनी नावं टिकावीत असं वाटतं, पण त्यासाठी मुलांच्या हातात काड्या हव्यात. पाच गठ्ठे डावीकडे, सात सुट्या उजवीकडे, आणि मग 57 लिहायचं. 'एकोणतीस'साठी तीन गठ्ठे ठेवा आणि म्हणा, "यातली एक काडी मला दे." मुलं थबकतात, मग कुणीतरी रबर काढतं. तीसला एक कमी, हे नावातच होतं! (नव्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही, ते वेगळं सांगावं लागतं.)

हे जमलं की वजाबाकी जवळजवळ आपोआप येते. 52 मांडा, 27 काढायला सांगा. सुट्या दोनच आहेत, सात हव्यात. "आता काय करायचं?" असं विचारून गप्प राहा. उत्तर तुम्ही देऊ नका, हीच इथली सगळ्यात अवघड गोष्ट. गठ्ठा सुटला की चार गठ्ठे आणि बारा सुट्या होतात. सात गेल्या, पाच उरल्या; दोन गठ्ठे गेले, दोन उरले. पंचवीस.

काड्यांवरून थेट अंकांवर उडी मारू नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी 1966 मध्ये कृती, चित्र आणि चिन्ह असा क्रम मांडला, तो इथे तंतोतंत लागू पडतो. मधले काही दिवस पाटीवर चित्र काढू द्या: गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्याला ठिपका. एक रेघ खोडून दहा ठिपके काढले की गठ्ठा सुटला. त्यानंतर उभी मांडणी. ज्याला अजून काड्या लागतात त्याच्याकडून त्या हिसकावू नका, आणि ज्याला लागत नाहीत त्याला मोजत बसवू नका.

काड्या बाजूला ठेवायची वेळ आली का, हे असं बघा. मुलानं वहीत 5 खोडून वर 4 लिहिले की त्यावर बोट ठेवून विचारा, "इथे काय झालं?" "एक उसना घेतला" असं उत्तर आलं, तर काड्या परत काढा. "गठ्ठा सोडला, सुट्या बारा झाल्या" असं म्हणालं, तर पुढचं गणित 403 वजा 168 द्या.