कॉलेजचा कारभार ऑनलाइन करताना या चुका टाळा

परीक्षा अर्जाच्या दिवसांत प्रथम वर्षाची एक मुलगी ऑफिसच्या खिडकीशी आली आणि मोबाईल पुढे करून म्हणाली, "सर, यात काय लिहिलंय?" नोटीस आमच्याच कॉलेजची होती, ग्रुपवर आलेली. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कालवा. क्लार्कने ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून वर्डची फाइल तशीच पाठवली होती. ऑफिसच्या संगणकात तो फॉन्ट असतो, मुलीच्या फोनमध्ये कुठून असणार? विलंब शुल्क मात्र तिलाच पडलं.

त्यामुळे पहिली दुरुस्ती अगदी साधी आहे. मराठी नोटीस युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. शेवटची तारीख आणि फी फाइलमध्ये दडवू नका, मेसेजमध्येच लिहा. नोटीस बोर्डाचा तिरका फोटो काढून टाकणं तर बंदच करा.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकदा स्वतःचं नाव आधी, कधी वडिलांचं नावच नाही, कधी स्पेलिंग वेगळं. लग्न झालेल्या मुलींचं आधार सासरच्या नावाने, गुणपत्रिका माहेरच्या. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2021 मध्ये ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) आणली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, तिथे त्याच्या ऑनलाइन खात्यावर जमा होतात. या खात्याचा क्रमांक, एबीसी आयडी, सरकारच्या डिजिलॉकर ॲपमधून, आधारच्या माहितीवर निघतो. विद्यापीठातली नोंद त्याच्याशी जुळली नाही, तर श्रेयांक खात्यावर जमा व्हायला अडतात. हे शेवटच्या सत्रात लक्षात आलं की मुलं आधार केंद्र आणि विद्यापीठ यांच्यात हेलपाटे घालत बसतात. प्रवेशाच्या दिवशीच दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख ताडून पाहा. एका मुलामागे दोन मिनिटं लागतात आणि ती दिलीच पाहिजेत.

तेव्हाच आणखी एक विचारा: आधारला कोणाचा मोबाईल नंबर जोडला आहे? पुष्कळदा तो वडिलांचा असतो. मुलगी कॉलेजात, फोन शेतात, आणि ओटीपी दहा मिनिटांत बाद. एबीसी आयडी काढायचं शिबिर घेणार असाल तर आदल्या दिवशी घरी निरोप जाऊ द्या. फॉर्म भरताना नेट कॅफेवाल्याचा नंबर किंवा ई-मेल टाकू देऊ नका. पुढच्या वर्षी पासवर्ड विसरला की ते खातं उघडायला त्या कॅफेवाल्याला शोधत फिरावं लागतं.

"शिष्यवृत्ती आली नाही" म्हणून कोणी आलं, तर "पोर्टलचा प्रॉब्लेम आहे" असं सांगून परत पाठवू नका. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो. तो आपल्याकडेच पडून आहे का, हे पहिलं बघा. बऱ्याचदा तो तिथेच सापडतो, हे मान्य करायला हवं. त्रुटी काढून परत पाठवला असेल तर मुलाला ते कळलंय का, विचारा. मंजूर होऊनही पैसे दिसत नसतील, तर आधारला सध्या कोणतं बँक खातं जोडलेलं आहे ते तपासायला सांगा. मुलगा जुनं पासबुक घेऊन फिरत असतो आणि रक्कम मधल्या काळात आधार जोडलेल्या दुसऱ्याच खात्यात गेलेली असते.

शिकवण्याबाबत एवढंच सांगतो, की तासाभराचा व्हिडिओ टाकून मोकळं होऊ नका. डेटा संपला की तो कोणी बघत नाही. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीच्या ॲपमध्ये साहित्य उतरवून नंतर इंटरनेटशिवाय वाचता येतं. मुलांना ते एकदा वर्गातच करून दाखवा. बरोबर छोटा ऑडिओ आणि टिपणं द्या.

कोणतीही नवी सोय जाहीर करण्याआधी ती ऑफिसच्या वाय-फायवर तपासू नका. मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलाला बोलवा, त्याच्याच फोनवर, त्याच्याच डेटावर ती उघडायला सांगा आणि तो कुठे अडतो ते शेजारी बसून बघा.