आंतरपिकाचे तास दरवर्षी सरकवा

खरिपाची पेरणी तोंडावर आली की ज्वारी-बाजरीत तूर, मूग, उडीद, चवळीचे तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, धरायची तयारी सुरू होते. कोरडवाहू रानात हे शहाणपणाचेच आहे. पण ज्या तासात गेल्या वर्षी तूर होती त्याच तासात पुन्हा तूर पडत असेल, तर आंतरपीक झाले, फेरपालट झाली नाही. मर रोगाची बुरशी त्या ओळीत वाढत जाते आणि तुरीचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला कस, ज्वारीला कधी मिळतच नाही.

तुरीच्या मुळांवरच्या गाठींमधले नत्र आधी तुरीच्याच कामी येते, शेजारच्या ज्वारीला त्या हंगामात फार थोडे मिळते. खरा फायदा गळालेल्या पाल्यातून आणि कुजणाऱ्या मुळांतून, तोही पुढच्या पिकाला. म्हणून पुढच्या वर्षी तिथे तृणधान्यच आले पाहिजे.

सहा फणी पेरणीयंत्र असेल तर हे सोपे आहे. 45 सेंमी अंतरावर चार तास ज्वारी, दोन तास तूर. यंदा पाचव्या-सहाव्या तासात तूर घेतली, तर पुढच्या वर्षी पहिल्या-दुसऱ्यात आणि त्यानंतर तिसऱ्या-चौथ्यात घ्या. प्रत्येक ओळीला तीन वर्षांतून एकदा तूर येते. पट्टा कुठून सुरू झाला ते कळायला बांधावर खुंटी ठोकून ठेवा आणि मशागतही तासांच्याच दिशेने करा, नाहीतर दोन वर्षांत सगळा हिशेब विस्कटतो. ज्वारी 100 ते 110 दिवसांत निघते. तोवर सावकाश वाढणाऱ्या तुरीला पुढे मोकळी जागा आणि खालची ओल मिळते.

जिथे मर जोरात आहे तिथे मात्र तास सरकवून भागणार नाही. नांगर-वखराने माती इकडची तिकडे होते आणि बुरशी अवशेषांवर वर्षानुवर्षे तग धरते. अशा रानात निदान तीन वर्षे तूर नको. ज्वारीत मूग किंवा उडीद घ्या. टारफुला, म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारे तण, असलेल्या ज्वारीच्या रानात चवळी चांगली. तिच्या मुळांच्या स्रावाने टारफुल्याचे बरेच बी रुजते, पण आधार न मिळाल्याने मरते. उरलेला टारफुला फुलावर येण्याआधी उपटा.

हलक्या जमिनीत बाजरीबरोबर तूर किंवा मटकी 2:1 प्रमाणात घ्या. 75 ते 100 मिमी पाऊस होऊन वापसा (पेरणीजोगी ओल) आल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, म्हणजे पेरणी करू नका. पाऊस जुलैच्या मध्यानंतर लांबला तर मूग-उडदाचा हट्ट सोडा आणि बाजरी-तुरीकडे वळा.

कडधान्याच्या बियाण्याला आधी बुरशीनाशक चोळा, मग 10 किलोला 250 ग्रॅम रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू खत) गुळाच्या थंड पाण्यातून लावा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पीक चाळीसेक दिवसांचे झाले की दोन-तीन झाडे खुरप्याने मातीसकट काढा, मुळे धुवा आणि एक गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ नत्र देत नाही.

युरियाचा दुसरा हप्ता फक्त तृणधान्याच्या ओळीला द्या. आणि कृपा करून ज्वारीसाठीचे अॅट्राझिन हे तणनाशक या मिश्र पिकात फवारू नका, त्याने कडधान्य जळते. इथे कोळपणी आणि खुरपणीच करावी.

भारी, खोल जमिनीत फेरपालट एकाच वर्षात बसते: खरिपात नुसता मूग किंवा उडीद, मग रब्बी ज्वारी. शेंगा तोडून झाल्यावर झाडे उपटू नका, कापा. मुळे जागेवर राहू द्या, पाला मातीत मिसळा आणि लगेच वखराची पाळी घालून ओल धरून ठेवा. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान ज्वारी पेरून घ्या.