मुलांना जवळपासचे वन्यजीव दाखवताना या चुका टाळा

सांगली-मिरजेकडच्या पालकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. मुलांना पक्षी आणि प्राणी दाखवायला मोठ्या हौसेने नेले, तरी ती अर्ध्या तासात कंटाळतात आणि मोबाईल मागू लागतात. मुलांमध्ये कुतूहलाची वानवा मुळीच नसते; मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवे बसलेले चार वर्षांचे मूल जेवायलाही उठत नाही, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. अडचण बहुतेक वेळा मोठ्यांच्या पद्धतीत असते.

सुरुवात दूरच्या जंगलापासून करणे

चांदोलीचे जंगल 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथली झाडी इतकी दाट आहे की प्राणी सहसा नजरेस पडत नाहीत, आणि टीव्हीवर वाघ पाहिलेले मूल प्रत्येक वळणावर वाघाची वाट पाहून हिरमुसते. सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी कास पठारावर गेल्यास फुलांपेक्षा माणसेच अधिक दिसतात. ही दोन्ही ठिकाणे मुलांनी अवश्य पाहावीत, पण ओळख झाल्यानंतर.

पहिली जागा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ असावी: कृष्णेचा घाट, गावचा ओढा, उसाच्या शेताचा बांध किंवा शाळेमागचा वड. वडाची फळे पिकली की त्याच एका झाडावर तांबट, साळुंक्या, कोकीळ आणि आपला राज्यपक्षी हरियाल हे सगळे जमतात, आणि अंधार पडल्यावर वटवाघळे येतात. काही दिवसांनी तेच झाड ओके पडलेले दिसते आणि हे सगळे कुठे गेले, हा प्रश्न मूल स्वतःहून विचारते. एका दिवसाच्या सहलीत तो प्रश्न पडत नाही, कारण आधीचे झाड मुलाने पाहिलेलेच नसते.

अवेळी जाणे

भर दुपारी बहुतेक पक्षी सावलीत बसून राहतात. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास चांगला. काहीच दिसत नसेल, तर चालणे थांबवून एका जागी दहा मिनिटे शांत उभे राहावे आणि आधी कानांनी शोधावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेला पळस, पांगारा किंवा काटेसावर गाठली, तर मधासाठी आलेल्या पक्ष्यांची वर्दळ आयतीच पाहायला मिळते. महागड्या दुर्बिणीची घाई नको. लहान मुलांच्या हातात ती स्थिर राहत नाही आणि पक्षी सापडेपर्यंत उडून जातो.

नावांची परीक्षा घेणे

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे. पक्षी दिसताच आपण नाव सांगतो, पुढच्या वेळी तेच विचारतो आणि उत्तर चुकले की नाराजी दाखवतो. मग मूल पक्ष्याकडे पाहायचे सोडून आपल्या चेहऱ्याकडे पाहू लागते.

पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकलेली असतात. तिथे मुलाला नाव न सांगता, हा पिवळ्या डोक्याचा पक्षी घरट्यासाठी सामान कुठून आणतो, एवढेच शोधायला सांगावे. पक्षी शेजारच्या उसात जातो, पानाच्या कडेला चोचीने एक खाच पाडतो आणि ती कड चोचीत धरून उडतो, तेव्हा पानाची लांब चिरफळी सुटून त्याच्याबरोबर येते. हे सारे विणकाम नर करतो. घरटे अर्धे झाले की मादी येऊन पाहणी करते, आणि तिला ते पसंत पडले तरच तो ते पूर्ण करतो. अर्धवट सोडलेली घरटी बाभळीवर का लटकतात, याचे उत्तर मुलाला असे समोर मिळाले, की पक्ष्याचे नाव ते स्वतःच विचारते आणि विसरत नाही.

एक साधी वही जवळ ठेवावी. तीत तारीख, वेळ, जागा आणि तो जीव काय करत होता, एवढे लिहिले तरी पुरे; चित्र काढले तर त्याच्या सुबकपणावर बोलू नये. दर वर्षी 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्रात साजरा होतो. 12 नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस आहे, आणि वही सुरू करायला हा आठवडा उत्तम आहे.

पकडून बाटलीत ठेवणे

कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा ठिपका हलताना दिसला, तर ती बहुधा फुलपाखराची लहान अळी असते. वाढल्यावर ती हिरवी होते, आणि तिला डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेला तांबूस अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. अशी अळी झाकण लावलेल्या बाटलीत हाताला येईल त्या पाल्यावर ठेवली, तर ती मरते, कारण तिला कढीपत्ता किंवा लिंबाच्या जातीचीच पाने लागतात. तिला झाडावरच राहू द्यावे, फवारणी टाळावी आणि रोज तिचे निरीक्षण करावे. एके दिवशी अळी दिसेनाशी झाली, तर ती पक्ष्याने खाल्ली असे लगेच समजू नये. कोष करण्यापूर्वी अळी जागा शोधत फिरते, म्हणून जवळच्या फांद्या आणि भिंतीचा कोपरा आधी पाहावा.

पोपटाचा पिंजरा आणून निसर्गप्रेम वाढते, हा समज तर पूर्णपणे सोडावा. आपल्याकडील रानपोपट पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

जमिनीवर पिल्लू दिसले की ते उचलून घरी आणणे, हीदेखील अशीच मायेपोटी होणारी चूक आहे. पिसे फुटलेले, फुदकणारे पिल्लू उडायला शिकत असते आणि त्याचे आईबाप आसपासच असतात. मांजर-कुत्र्याचा धोका असेल, तर त्याला जवळच्या फांदीवर ठेवून आपण दूर व्हावे. पिसे नसलेले पिल्लू घरटे सापडल्यास परत ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लू टाकते, हा गैरसमज आहे. दूध मात्र कोणत्याही पक्ष्याला पाजू नये, कारण ते त्याला पचत नाही. पिल्लू जखमी असेल, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

भीती घालणे किंवा धाडस शिकवणे

ही दोन्ही टोके धोक्याची आहेत. शिराळ्याच्या नागपंचमीमुळे आपल्या जिल्ह्यात नागाविषयीचा आदर जुना आहे, पण घरात साप निघाला की पहिली धाव काठीकडेच जाते आणि मूल तेच शिकते. साप दिसल्यावर जागीच थांबायचे, हळूहळू मागे सरकायचे, मोठ्यांना हाक मारायची आणि साप बिनविषारी वाटला तरी त्याला हात लावायचा नाही, हा क्रम मुलांकडून आधीच वदवून घ्यावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांची ओळख चित्रांवरून करून द्यावी.

भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या भागात कृष्णेत मगरी आहेत. हिवाळ्यात उन्हे वर आल्यावर त्या काठाच्या मळीवर येऊन पडतात, आणि ते दृश्य मुलांनी जरूर पाहावे, पण पुलावरून किंवा उंच काठावरून. पाण्यात पाय सोडून बसणे, पाण्याच्या कडेला वाकणे आणि मगर हलावी म्हणून दगड मारणे, या तीन गोष्टींना मुलांनी कितीही हट्ट केला तरी परवानगी देऊ नये. संध्याकाळी तर त्यांना नदीकाठी एकटे पाठवूच नये.