महामारीच्या वर्षात क्लबांनी केलेल्या चुका, पुढच्या वेळी या टाळा

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनाचा लॉकडाऊन लागला आणि रोटरी, लायन्ससारख्या समाजसेवेच्या क्लबांसारखंच आमच्या क्लबलाही एकदम काहीतरी करायचं होतं. केलंही भरपूर, मिटिंगा झूमवर नेल्या, रक्त जमवलं, पुढं दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनची मशीन फिरवली. त्या कामाचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्याच त्याच चुका प्रत्येक क्लबात बघून बघून आता लिहायलाच बसलो.

न विचारता किट वाटणं

यावर जास्त लिहितो, कारण ही चूक अजून चालूच आहे. मे २०२० ची गोष्ट. विडी कारखाने बंद, लूम बंद. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत बाई विड्या वळते, माणूस यंत्रमागावर जातो, दोघांचाही पगार आठवड्याचा, आणि कारखान्यातून पान-तंबाखू आलं तरच हजार विड्यांची मजुरी, त्यामुळं डबे लगेच रिकामे झाले. आम्ही घाईघाईत २०० किट बांधले, प्रत्येकात ५ किलो गहू. टेम्पो घेऊन गेलो तर कोरोनामुळं गल्ली सील, तोंडाला पत्रे ठोकलेले. आतून एक मावशी म्हणाल्या, "दादा, गहू दिलाव ते बरं केलाव, पण दळू कुठं? गिरणी पत्र्याच्या पलीकडं हाय. तांदूळ मिळालाय की रेशनवर, तेल न्हाई बघा घरात." त्यांच्याकडं आदल्या दोन दिवसांत आणखी दोन मंडळं येऊन गेली होती, मिठाचे तीन पुडे झाले होते आणि तेल एकाही किटमध्ये नव्हतं. आणि मागच्या बोळात कोणीच गेलं नव्हतं, कारण तिथं टेम्पो शिरत नाही.

त्या एप्रिलपासून रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळत होतं, हे आम्ही किट बांधायच्या आधी एका फोनवर विचारू शकलो असतो. तेव्हापासून मी आधी तिघांना फोन करतो, रेशन दुकानदार, आशाताई आणि विडी कारखान्याच्या शाखेतलं कोणीतरी. तिथं बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात म्हणून तेलुगू बोलणारा एक पोरगा सोबत घेतो, आणि रेशनकार्ड नसलेल्यांची यादी वेगळी काढतो, कारण खरी गरज तिथंच असते. यात दोन दिवस जातात. नवीन मेंबरांना ते दोन दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात, मला नाही वाटत.

ऑक्सिजनचं गणित न करणं

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये पोरं एका फोनवर काँसन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं मशीन, गाडीत टाकून निघायची. तळमळ खरी होती पण ५ लिटरचं मशीन मिनिटाला ५ लिटरच देतं, पेशंटला १० लागत असतील तर त्याला मशीन नको, बेड पाहिजे, आणि मशीन आलं म्हणून घरचे निर्धास्त होतात, तिथं मौल्यवान तास जातात. सिलेंडरचंही तेच. मोठ्या जम्बो सिलेंडरमध्ये साधारण ७००० लिटर, म्हणजे मिनिटाला ५ लिटर सोडला तर २३ तास, लहान बी टाइपमध्ये १५००, म्हणजे ५ तास. हे घरच्यांना कागदावर लिहून द्या. लाइट गेली तर काँसन्ट्रेटर बंद पडतो, म्हणून शेजारी एक भरलेला सिलेंडर पाहिजेच. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी मशीन देत नाही, कोणी कितीही रागावू दे. आणि ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश पुसा, बोट गार असेल तर चोळून गरम करा, मग आकडा बघा.

एकाच दिवशी सगळं रक्त

मोठं शिबिर, मोठा आकडा, आणि दीड महिन्यानं परत तुटवडा. पिशवी साधारण ३५ दिवस टिकते, दात्याला परत द्यायला पुरुष असेल तर ३ महिने आणि बाई असेल तर ४ महिने थांबावं लागतं. थॅलेसेमियाच्या लेकरांना मात्र दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त लागतं, महामारी असो नसो. मी दात्यांच्या याद्या गटागटानं पाडतो, ब्लड बँकेला विचारतो या आठवड्यात किती पाहिजे, तेवढेच लोक पाठवतो.

बाकीच्या

माणसांवर हायपोक्लोराइट (जंतुनाशक) फवारू नका, केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच हे सांगितलं होतं.

किट घेणाऱ्याचा फोटो काढू नका. देणगीदाराला पुरावा पाहिजे तर बिलं दाखवा.

फुकटच्या झूमवर ४० मिनिटं मिळतात, त्यातली वीस स्वागतात घालवू नका. ज्या ज्येष्ठ मेंबरांना झूम जमत नाही त्यांना फोन करा, कारण गल्लीतली माणसं तेच ओळखतात.

हँडओव्हर

रोटरी असो की लायन्स, १ जुलैला नवीन अध्यक्ष येतो आणि महामारी काही ३० जूनला थांबत नाही. याद्या, मशीनचं रजिस्टर, डिपॉझिटचा हिशोब वहीत पाहिजे, कोणाच्या मोबाइलमध्ये नाही. आमचं रजिस्टर एका मेंबरच्या मोबाइलमध्ये होतं, तो मोबाइल बिघडला, आणि आमची दोन मशीन कोणाच्या घरी आहेत ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.