मोबाईलवर वाकलेली मान: मुलांसाठी घरी काय करावे

आधी तपासा. मुलाला भिंतीला पाठ आणि कुल्ले टेकवून उभे करा, टाचा भिंतीपासून चार बोटे पुढे. हनुवटी न उचलता डोके मागे सहज टेकले पाहिजे. त्यासाठी हनुवटी छताकडे करावी लागत असेल, तर मान पुढे आली आहे.

डोक्याचे वजन साधारण 5 किलो. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये संगणकीय मॉडेलवरून हिशोब मांडला: मान 30 अंश झुकली की मानेवर सुमारे 18 किलोंचा भार येतो, 60 अंशांना 27. हे आकडे मॉडेलचे आहेत, पण डोके पुढे गेले की मानेमागच्या स्नायूंना ते धरून ठेवावे लागते, हे खरेच. तासन्‌तास तसेच राहिले की ते आखडतात.

म्हणून “सरळ बस” असे ओरडून काही होत नाही. स्क्रीन खाली असेल तर मान खाली जाणारच. मोबाईल वर आणा. मांडीवर उशी घेऊन तिच्यावर कोपरे टेकवावीत. स्क्रीन डोळ्यांच्या किंचित खाली, 30 ते 40 सेंटिमीटरवर. क्लासचे व्हिडिओ पाहायचे तर फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवा. पोटावर झोपून बघणे बंदच करा, त्यात मान उलटी मागे मोडते. लांब मेसेज दोन्ही अंगठ्यांनी किंवा बोलून टाइप करावेत, नाहीतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ दुखू लागते.

मग व्यायाम. नजर समोर ठेवून हनुवटी आडवी मागे सरकवा, ड्रॉवर आत ढकलल्यासारखी. 5 सेकंद थांबा, असे 10 वेळा, दिवसातून दोनदा. बहुतेक मुले इथे हनुवटी छातीकडे झुकवतात. तसे केले तर व्यायाम वायाच जातो. नंतर दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून एक पाय पुढे टाका, छाती 30 सेकंद ताणा, तीनदा.

दर 20 मिनिटांनी उठावे आणि 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद बघावे, डोळ्यांनाही विसावा मिळतो. रोज तासभर मैदानी खेळ आणि पुरेशी झोप हवीच: किशोरवयीन मुलांना 8 ते 10 तास, शाळकरी लहान मुलांना 9 ते 12. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, दुखण्याने रात्री जाग येत असेल किंवा मानदुखीसोबत ताप असेल, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.