कंपनी विकली गेली, तुमचं लॉगबुक कुठे आहे?

एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) परीक्षेचे मॉड्यूल संपवून, किंवा संपवता संपवता, छोट्या विमान कंपनीत टेक्निशियन म्हणून लागलेल्यांसाठी लिहितेय. सीएआर-६६ म्हणजे लायसन्सचे नियम, बी१ म्हणजे इंजिन आणि यांत्रिक काम, बी२ म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. मोठ्या कंपनीतल्यांनीही वाचायला हरकत नाही, पण त्यांच्या एचआरला निदान फोन तरी लागतो.

आमची कंपनी एटीआर, म्हणजे पंख्याची छोटी प्रवासी विमानं, उडवायची. तोटा वाढत गेला आणि एका मोठ्या गटाने ती घेतली. नाव सांगत नाही. त्यानंतर जे झालं ते थोड्याफार फरकाने सगळीकडे होतं.

आधी एक बघा: घेणारा नेमकं काय घेतोय? २००७ मध्ये किंगफिशर एअरलाइन्सच्या यूबी समूहाने एअर डेक्कनमध्ये २६ टक्के हिस्सा घेतला आणि २००८ मध्ये डेक्कनची किंगफिशर रेड झाली. त्यात स्वस्त तिकिटांच्या प्रेमाचा भाग कमीच होता. परदेशी उड्डाणांसाठी तेव्हा देशांतर्गत सेवेची पाच वर्षं पुरी असावी लागत. डेक्कनची ती २००८ मध्ये भरत होती, किंगफिशर मात्र २००५ मध्ये सुरू झालेली. डेक्कनची पाच वर्षं भरली आणि सप्टेंबर २००८ मध्ये किंगफिशरचं विमान लंडनला निघालं. २०११ मध्ये रेड बंद करायची घोषणा झाली, २०१२ च्या ऑक्टोबरात परवानाच निलंबित झाला. जेटने २००७ मध्ये एअर सहारा १४५० कोटींना घेऊन तिची जेटलाइट केली, आणि एप्रिल २०१९ मध्ये दोन्ही जमिनीवर आल्या. घाबरवायला सांगत नाहीये. पण नव्या मालकाला मार्ग हवेत, परवाना हवा की विमानं हवीत, यावर तुमचं काम ठरतं. त्याच्याकडे सगळी एअरबस असतील आणि तुमचा हात एटीआरवर बसला असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी जरा थांबा.

सुरुवातीचे काही महिने मात्र खरंच बरे जातात. पगार तारखेला येतो. स्टोअरमध्ये सुटे भाग दिसायला लागतात. नाहीतर आधी उभ्या विमानातून एक भाग काढायचा, उडणाऱ्यात बसवायचा आणि दोन्हींचे कागद रंगवायचे, यातच अर्धी शिफ्ट जायची. नवा युनिफॉर्म, नवा रंग, टाउनहॉलमध्ये समोसे. रोस्टर बदलतं, बेसही बदलू शकतो. हे सगळं तुम्ही निभावून न्याल.

आता मुद्द्याचं बोलते.

लायसन्स तुमचं असतं, ऑथोरायझेशन कंपनीचं. लायसन्स डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) देतं, ते मालक बदलल्याने जात नाही. विमान सोडायची सही करण्याचा अधिकार मात्र सीएआर-१४५ (देखभाल संस्थांचे नियम) मान्यता असलेली संस्था देते. मेंटेनन्स नव्या मालकाच्या मान्यतेखाली गेलं की जुना स्टॅम्प ड्रॉवरमध्ये ठेवायचा. नवा मिळेपर्यंत कालपर्यंत सही करणारा एएमई आज दुसऱ्याच्या सहीची वाट बघतो, भत्ता जातो तो वेगळाच. त्रास होतो, पण हे भरून निघतं.

भरून निघत नाही ते लॉगबुक. तुम्ही अजून लायसन्ससाठी अनुभव गोळा करत असाल तर पुढचं दोनदा वाचा. प्रत्येक ओळीत तारीख, विमानाचं रजिस्ट्रेशन, एटीए चॅप्टर (काम विमानाच्या कुठल्या यंत्रणेचं, त्याचा क्रमांक), केलेलं काम, जॉब कार्ड किंवा टेक लॉगचा (विमानाच्या नोंदवहीचा) क्रमांक आणि देखरेख करणाऱ्या एएमईची सही लागते. वर संस्थेची साक्ष. आमच्याकडे पद्धत अशी होती की रात्री काम करायचं आणि सह्या महिनाअखेरीस गठ्ठ्याने घ्यायच्या. सगळे तसंच करायचे, कुणाचं काही अडत नव्हतं. विक्रीनंतर सगळ्यात आधी अनुभवी एएमई गेले, कारण त्यांना बाहेर मागणी असते. मग क्वालिटी मॅनेजर बदलला. जुनी जॉब कार्डं खोक्यांत भरून मुख्यालयाला गेली. दोन विमानं लीजवर देणाऱ्याकडे परत गेली, आणि विमान परत जातं तेव्हा त्याचं रेकॉर्डही त्याच्यासोबत जातं. नव्या क्वालिटीने सांगितलं, "दुसऱ्या संस्थेच्या मान्यतेखाली झालेल्या कामाची साक्ष आम्ही देऊ शकत नाही." चिडायचं कुणावर? त्यांचं बरोबरच होतं. माझं काम झालेलं होतं, विमान त्या कामावर उडून आलेलं होतं, पण पानांवर सही नव्हती. ते महिने मला पुन्हा करावे लागले.

म्हणून सही त्याच शिफ्टमध्ये घ्या. एएमई घरी जायला कॅबकडे निघाला असेल तर कॅबपर्यंत मागे जा, चिडला तरी चालेल. जॉब कार्डचा क्रमांक स्वतःच्या डायरीत लिहा. विक्रीची पहिली बातमी पेपरात आली की लगेच कामाला लागा, एचआरच्या मेलची वाट बघू नका. अनुभवाचा दाखला क्वालिटीकडून घ्या: विमानाचा प्रकार, बेस, कालावधी, कामाचं स्वरूप, सगळं लेटरहेडवर. एचआरच्या पत्रात "टेक्निशियन म्हणून कार्यरत होते" एवढंच असतं, त्याचा लायसन्सला काडीचा उपयोग नाही.

कुणीतरी बेसवरचा दादा सांगेल, "अगं, मागच्या तारखेने सह्या घेऊन टाक, कोण बघतंय." अजिबात नको. त्या तारखेला ते विमान दुसऱ्याच शहरात उभं होतं हे शोधायला डीजीसीएला टेक लॉग पुरतो. असे दादा प्रत्येक बेसवर असतात आणि माणसं म्हणून चांगलेही असतात, पण ते तुमच्या लायसन्सवर प्रयोग करत असतात. माझं मत विचाराल तर छोट्या बेसवर खरा गुरू टेक रेकॉर्ड्समधला माणूस. चहा त्याला पाजा.

ज्यांचं लायसन्स झालंय त्यांनीही निर्धास्त राहू नये. मागच्या चोवीस महिन्यांत सहा महिन्यांचा मेंटेनन्सचा अनुभव दाखवता आला नाही तर सहीचा अधिकार वापरता येत नाही. कंपनी विकली जाण्याच्या गोंधळात घरी बसवलेल्यांचा हा काळ गुपचूप संपत जातो.

पैशांचं थोडक्यात. "राजीनामा द्या, नवं नेमणूकपत्र घ्या" असं सांगितलं तर जुनी सेवा सलग धरली आहे हे वाक्य त्या पत्रात लिहून मागा. ग्रॅच्युइटीचा नेहमीचा नियम पाच वर्षांच्या सलग सेवेचा आहे आणि राजीनाम्याने ती तुटली असं उद्या कुणीही म्हणेल. पीएफचं पासबुक आणि फॉर्म २६एएस दर तिमाहीला बघा. किंगफिशरमध्ये पगारातून कापलेला टीडीएस सरकारकडे भरलाच गेला नव्हता.

एवढं वाचून पोटात गोळा आला असेल तर हेही ऐका: एटीआर शिकलेलं वाया जात नाही. अलायन्स एअर आहे, इंडिगोकडे एटीआर ७२-६०० आहेत, गोव्याहून फ्लाय९१ उडतेय, जळगावलाही येतेय. ७२-५०० वर हात बसला असेल तर ६०० च्या कॉकपिटचे पडदे नवे वाटतील, इंजिनाशी तुमची ओळख जुनीच निघेल. बी२ वाल्यांना जास्त अभ्यास पडेल.

राहिला बाँड. जुन्या कंपनीने टाइप कोर्सला (एका विमानप्रकाराच्या प्रशिक्षणाला) पाठवलं असेल तर तो बाँड नव्या मालकाकडे जातो का, उरलेली रक्कम महिन्यागणिक कमी होते की शेवटपर्यंत पूर्ण राहते, आणि कंपनीनेच काढलं तर काय, हे तिन्ही प्रश्न मेलवर विचारा. तोंडी उत्तर देणारा मॅनेजर पुढच्या महिन्यात तिथे असेलच असं नाही. आमचा नव्हता.